ओव्हाळ सरांचं खरं वाक्य

ओव्हाळ सरांच्या शेजारी बसून मी तीन वर्षं डबा खाल्ला. त्या तीन वर्षांत माझं वजन घटलं, आणि त्यात डबा करणारीचा काही दोष नव्हता. भाकरीचा पहिला तुकडा मोडावा, कोरड्यासात बुडवून तोंडाशी न्यावा आणि नेमका तेव्हाच शेजारून प्रश्न यावा, "काळे सर, सकाळी प्रार्थनेनंतर तुम्ही पोरांना म्हणालात, तुमचं सगळ्यांचं भविष्य उज्ज्वल आहे. सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं?"

चेष्टा असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्या माणसाला खरोखर यादी हवी असायची.

शिरूरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते इंग्रजी. मूळचे इनामगावचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले पहिले पदवीधर. उंच, काटकुळे, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, सायकलच्या कॅरिअरला रेक्झिनमध्ये गुंडाळलेली डिक्शनरी. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या टेबलावर माझ्याखेरीज कुणी बसत नसे. त्याची कारणं दोन होती. एक म्हणजे ते ज्याच्या त्याच्या चुका काढत. हे लोक उघड बोलत. दुसरं कारण कुणी बोलत नसे, पण डबे उघडायची वेळ झाली की ते आपोआप दिसायचं. मी तिथं बसायचो त्यात माझा काही मोठेपणा नाही. खिडकीतला वारा त्याच टेबलावर यायचा.

आता त्यांच्या शिकवण्याविषयी. इंग्रजीत म्हणे एक क्रियापद असतं, त्याला मागून एक शेपूट चिकटतं आणि जोडीचा अर्थ निराळाच होतो. नववीच्या पुस्तकात अशा जोड्यांचं एक अख्खं पान होतं. बाकीचे मास्तर ते पान दोन तासांत उरकत. ओव्हाळ सरांनी त्यातल्या एकाच जोडीवर तीन आठवडे काढले. ती जोडी 'अबाइड बाय'. तीन आठवड्यांत त्यांनी माझे चार तास मागून घेतले, आणि माझी वर्गसमीकरणं जूनपासून जिथं होती तिथंच राहिली.

गाइडात अर्थ दिला होता: पाळणे. पोरांनी तो लिहून घेतला असता, सर पुढं गेले असते, जग सुरळीत चाललं असतं. पण नाही. मी व्हरांड्यात खडू घेऊन उभा, आणि आत ह्यांचं चाललेलं.

"पाळणे म्हणजे काय? शेळी पाळतात, उपास पाळतात. हे तसलं नाही. चार जणांनी बसून काही ठरवलंय, किंवा तू शब्द दिलायस. आता ते तुला जड जातंय. मोडलंस तरी कुणी धरणार नाही. तरी तू मोडत नाहीस. तिथं अबाइड बाय. आणि हा कोट घालून आलेला शब्द आहे. आईनं मीठ आणायला सांगितलं नि तू आणलंस, तिथं हा वापरायचा नाही. कोर्टाचा निकाल, पंचांचा निर्णय, सभेचा ठराव, दिलेलं वचन, तिथं हा शोभतो. आणि मागचं 'बाय' गाळायचं नाही."

इथपर्यंत मी समजू शकतो. शिक्षक आहे, समजावून सांगतोय. पुढचा नियम मात्र त्यांच्या स्वतःच्या टाळक्यातून निघाला होता. वहीत लिहायचं वाक्य खरं पाहिजे. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्यातलं, घडलेलं. व्याकरण बिनचूक आणि वाक्य खोटं, तर शून्य.

एका पोरानं लिहिलं, मी वाहतुकीचे नियम पाळतो. सुवाच्य अक्षर, शेवटी टिंब, सगळं जागच्या जागी. सरांनी त्याला उभं केलं. तेव्हा शिरूरची वाहतूक म्हणजे नगर रोडवरून धूळ उडवत जाणाऱ्या एस. टी. आणि बाजारच्या दिवशीच्या बैलगाड्या. पोराकडं सायकलसुद्धा नव्हती.

"कुठला नियम पाळलास? कधी? तेव्हा तुला काय जड गेलं?"

पोरगं रडकुंडीला आलं. शून्य घेऊन खाली बसलं.

दुसऱ्यानं लिहिलं, माझा मामा डॉक्टरांचा सल्ला पाळतो. हा मामा रांजणगावला राहायचा. रविवारी, भर उन्हात, ओव्हाळ सर सायकल हाणत रांजणगावला गेले. मामा ओट्यावर बसून बिडी ओढत होता.

"डॉक्टरांनी तुम्हांला बिडी सोडायला सांगितलीय म्हणे. सोडलीत का?"

मामाला वाटलं, सरकारी दवाखान्याचा कुणी साहेब तपासायला आलाय. त्यानं बिडी पायाखाली चिरडली आणि हात जोडले. "सोडली की सायेब! ही शेवटचीच. आईच्यान!"

सर तसेच परत आले. सोमवारी त्यांनी त्या पोराच्या वहीत 'पाळतो'च्या जागी 'पाळायचा प्रयत्न करतो' असं करून दिलं आणि दहापैकी पाच दिले. एवढी सायकल हाणून पदरात काय, तर एक 'प्रयत्न'! मी त्यांना म्हटलं, "अहो, पोरगं वाक्य शिकायला आलंय. मामाची तब्येत कशाला तपासता?"

ते म्हणाले, "आमच्या गावात पुण्याची माणसं येऊन जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, उकरतात. खापराचा एवढासा तुकडा निघाला तरी कुठल्या खड्ड्यात निघाला, किती खोल निघाला, हे वहीत उतरवल्याशिवाय पुढं जात नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या फुटक्या मडक्याला एवढा मान. जित्या पोराच्या वाक्याला नको?"

ह्याला उत्तर होतं, पण ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. त्यांच्याशी बोलताना माझं नेहमी असंच व्हायचं.

एकदा तर मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. मला पुतण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. रजेचा अर्ज इंग्रजीत द्यायची आमच्या हेडमास्तरांची टूम होती, म्हणून मी ओव्हाळ सरांना म्हटलं, आई आजारी आहे असं दोन ओळींत लिहून द्या.

"आई आजारी आहेत?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"अहो, रजेच्या अर्जात आई आजारीच असते."

"मग मला नाही लिहिता येणार. साखरपुडा लिहितो."

"साखरपुड्याला हेडमास्तर रजा देत नाहीत!"

"मग तसं त्यांना सांगा ना, की द्या."

शेवटी तो अर्ज मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिला. हेडमास्तरांनी रजा दिली आणि आईला काय झालंय ते विचारलंसुद्धा नाही. जग कसं चालतं हे ओव्हाळ सरांना कळावं म्हणून मी तो मंजूर अर्ज त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवला. त्यांनी वाचला, 'सफरिंग'च्या पुढं 'फ्रॉम' पाहिजे एवढं सांगितलं आणि डबा उघडला.

पुढं दुष्काळाचं वर्ष आलं. घोड नदीत नुसती वाळू राहिली. नदीकाठच्या एका गावाहून आमच्या नववीत कुसुम नावाची मुलगी यायची. तिच्या वडिलांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. बागाईतदार, शब्दाला वजन, आमच्या शाळेच्या स्थानिक समितीवर. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या, आप्पांच्या मळ्यातली तेवढी टिकली. गावसभा बसली आणि ठरलं, की आप्पांची विहीर पिण्याच्या पाण्यासाठी सगळ्या गावाला खुली. आप्पांनी स्वतः उभं राहून होकार दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण चार दिवसांनी बौद्ध वस्तीतल्या बाया घागरी आणि दोर घेऊन यायला लागल्या, आणि आठवड्याच्या आत मळ्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांची झाप आणि साखळी-कुलूप आलं. आप्पा म्हणाले, पाणी खाली गेलंय.

त्याही वर्षी नववीत 'अबाइड बाय' चाललं होतं. कुसुमनं वहीत दोन वाक्यं लिहिली. गावानं आमची विहीर सगळ्यांना खुली करायचं ठरवलं. माझ्या वडिलांनी तो निर्णय पाळला नाही. डिड नॉट अबाइड बाय.

सरांनी तिला टेबलाशी बोलावलं. हे मला नंतर पोरांकडून कळलं.

"हे खरं आहे?"

"व्हय सर."

"तू लिहिलंयस हे वडिलांना माहीत आहे?"

"न्हाई."

"खोडायचं असेल तर खोड. मी मार्क कमी करणार नाही."

"तुमीच म्हनलात ना सर, खरं ल्ह्या."

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं वही मिटून परत दिली असती. ह्यांनी काय करावं? पूर्ण वर्गात पहिल्यांदा शब्द नेमका वापरला गेला म्हणून ह्यांना झाला आनंद, आणि आनंदाच्या भरात ह्यांनी ती दोन्ही वाक्यं नमुना म्हणून फळ्यावर लिहिली. पुढचा तास माझा. मी आत आलो आणि फळा वाचला. डस्टर शोधायला वेळ नव्हता, मी हातानंच पुसलं. पण तोवर वर्गातल्या सगळ्यांनी ते उतरवून घेतलं होतं. संध्याकाळच्या एस. टी.बरोबर वाक्य गावात पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा हेडमास्तरांच्या खोलीत. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांना ब्लडप्रेशर होतं आणि एकट्यानं ओव्हाळांसमोर बसायची त्यांची तयारी नव्हती. आप्पा आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि हळू बोलले.

"मास्तर, माझ्या मळ्यातली हीर तुमच्या फळ्यावर कशी आली?"

ओव्हाळ सर म्हणाले, "आप्पा, वाक्य खोटं असेल तर सांगा. मी तिचे मार्क काढून घेतो."

मी डोळे मिटले. ह्या माणसाला टेबलाखालून लाथ मारावी असं मला आयुष्यात अनेकदा वाटलं, पण त्या दिवशी पाय खरंच उचलला गेला होता.

आप्पांनी मांडीवरची टोपी उलटी केली. मग म्हणाले, "खोटं न्हाई. खोटं आसतं तर हसलो आसतो आन् घरी गेलो आसतो. पन गाव म्हनतंय, मास्तर त्यांच्यातला हाय, त्यानंच पोरीच्या डोक्यात घातलं."

"तिलाच विचारा की."

"इचारलं. म्हनली, कोन कशाला घालतंय? मला दिसतंय की."

एवढं बोलून आप्पांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "मानूस काढू नका. पोराबाळांचा हाय. पन लिहून घ्या त्याच्याकडनं."

ओव्हाळ सर तोवर हंगामी होते. तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि कायम करायचं की एप्रिलअखेर मोकळं करायचं हे संस्थेच्या हातात होतं. संस्थेकडून टाइप केलेला कागद आला. अध्यापन पाठ्यपुस्तकापुरतंच. वाक्यं पुस्तकातलीच. विद्यार्थ्यांना घरच्या गोष्टी विचारायच्या नाहीत, त्यांच्या घरी जायचं नाही. आणि खाली इंग्रजीत, असल्या कागदांवर असते तशी ओळ: वरील सूचना मी पाळीन. आय शॅल अबाइड बाय. सही केली की कायमची ऑर्डर तयारच होती.

चार दिवस तो कागद त्यांच्या डिक्शनरीत पडून राहिला. हेडमास्तर रोज मला विचारायचे, मी रोज ओव्हाळांना विचारायचो, ते रोज म्हणायचे, "वाचतोय." चार सूचनांचा कागद! शेवटी त्यांच्या बायकोचा मला निरोप आला, भाऊजी, येऊन जा. मी दुपारी गेलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी समजवा. मला म्हनत्यात, विचार करतोय. दोन पोरींना काय विचार खायला घालू?"

सर बाजेवर बसले होते, कागद समोर.

"करून टाका सही," मी म्हटलं.

"केली तर पाळावं लागेल."

"कोण बघायला येतंय? सही करा, दार लावा नि वर्गात पाहिजे ते शिकवा. मी नाही आईला आजारी पाडलं? सगळे तेच करतात."

"मग मी ते लिहू शकत नाही. मला पाळायचं नसेल तर मी पाळीन असं कसं लिहू?"

माझं डोकं फिरलं. तीन वर्षांचा साठलेला वैताग एकदम वर आला. मी म्हटलं, "ओव्हाळ, तुमची आई साठीच्या पुढं गेलीय आणि ह्या उन्हात इनामगावच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडतेय. ती कशासाठी? हंगामी पगारात तुमचं घर भागत नाही, आणि कायम व्हायला तुम्हांला एक वाक्य लिहिता येत नाही म्हणून! हे खरं आहे का खोटं, सांगा."

वहिनी आत निघून गेल्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. गणित पडताळून पाहावं तसं त्यांनी ते मनात पडताळलं असावं.

"खरं आहे," ते म्हणाले. आणि खिशातलं पेन काढून सही केली.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी कोपऱ्यावरून भजी आणली. वाटेत हेडमास्तरांच्या हातात कागद दिला तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. एका माणसाचा संसार आपण वाचवला, असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं, आणि तेही काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा नववीवर तास होता. मी जरा आधीच गेलो. ओव्हाळ सर पुस्तक हातात धरून वाचत होते. कुसुमनं हात वर केला. "सर, माझं नवं वाक्य तपासता का?"

"पुस्तकातलं आहे?"

"न्हाई सर."

"मग नको."

कुसुम खाली बसली. ती नंतर हात वर करेनाशी झाली. मला वाटलं, चार दिवस धाक राहील, मग हा माणूस मूळपदावर येईल. आला नाही. डबा खाताना प्रश्न विचारणंसुद्धा थांबलं. प्रार्थनेनंतर मी मुद्दाम म्हणालो, आपल्या शाळेची कीर्ती जगभर आहे. दुपारी डब्याला ओव्हाळ सर नुसती भाकरी खात राहिले. जूनमध्ये संस्थेनं त्यांची बदली दौंडच्या शाळेत केली. त्यांनी डिक्शनरी कॅरिअरला बांधली, मला नमस्कार केला आणि गेले. पाऊस झाला, विहिरी भरल्या, बाभळीची झाप कुजून गेली. आप्पा एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "त्ये मास्तर गेलं व्हय? आमची कुसुम काय बोलत न्हाई आता." मी म्हटलं, अभ्यास करत असेल.

तीन-चार वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी दौंडला गेलो. शाळा रेल्वेच्या चाळींपासून जवळच होती. मधल्या सुट्टीत पोचलो आणि व्हरांड्यातून शिक्षकांच्या खोलीत बसलेले ओव्हाळ सर दिसले. केस पिकले होते, बाह्या तशाच बंद. पोरांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर रचला होता. ते एकेक वही उघडत होते, बरोबरची खूण करत होते, मिटत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. सगळ्या वह्यांत एकच वाक्य होतं, गाइडातलं: आपण नियम पाळले पाहिजेत. पन्नासेक वह्या त्यांनी माझा चहा निवायच्या आत संपवल्या. वाचल्या नाहीत. वाचण्यासारखं काही नव्हतंच.

मी चिडलो. त्यांच्यावर चिडायची मला जुनी सवय होती. म्हटलं, "अहो, ती समिती गेली. हेडमास्तर रिटायर झाले. तो कागद कुठल्या कपाटात वाळवीनं खाल्ला असेल. इथं तुम्हांला कोण ओळखतंय? सोडा की आता."

ते म्हणाले, "मी लिहून दिलंय."

"मी आप्पांना सांगतो. ते स्वतः येऊन मोकळं करतील तुम्हांला. पत्र आणू?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. माझ्यासाठी आणखी चहा सांगितला. मी आईंची चौकशी केली.

"बरी आहे. इथंच असते आता, आमच्याजवळ. पोरींच्या वेण्या घालते. हात पुरते वळत नाहीत, पण घालते." मग म्हणाले, "तुमचं त्या दिवशी बरोबर होतं, काळे सर."

घंटा झाली. त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलला, मला नमस्कार केला आणि वर्गात गेले. आत पोरं उभी राहिली, बसली. मी रिकामा कप हातात धरून तिथंच उभा होतो. ओव्हाळ सरांच्या तोंडून खोटं वाक्य निघाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. 'तुमचं बरोबर होतं' हे म्हणताना तरी एकदाच ते खोटं बोलले असते, तर बरं झालं असतं.